मुका वाचक बोलता करायचा तर

'लोक वाचतात, पण "छान"च्या पुढं कुणी बोलत नाही' अशी ऑनलाइन लिहिणाऱ्यांची तक्रार असते, पण त्यात दोष लिखाणाच्या दर्जाचा नसतो. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन गटांचं ढोबळ प्रमाण मांडलं होतं: ९० टक्के नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून बोलतात, १ टक्का सतत लिहितो.

'मत कळवा' म्हटल्यावर कोण काय लिहिणार? लेख येळवशीवर, म्हणजे वेळा अमावस्येच्या शेतातल्या सणावर असेल तर विचारा, त्या दिवशीच्या भज्जीत (शेंगा-भाज्यांच्या कालवणात) तुमच्याकडं कोणकोणत्या शेंगा पडतात? उत्तर एका ओळीचं, आणि लातूर-धाराशिवचा माणूस भज्जीवर गप्प बसणं अवघडच! पहिल्या उत्तराला लगेच उलट प्रश्न टाका. नुसता नमस्काराचा हात जोडला की गप्पा तिथंच संपल्या. उत्तर देणाऱ्याचं 'पानी' चारचौघांत 'पाणी' करायला जाऊ नका, ते बघून बाकीचे टाईप केलेलं पुसून टाकतात.