बँकेच्या लिलावातील सदनिका : प्रथमच बोली लावण्यापूर्वी मदत हवी आहे

सरफेसी कायदा, 2002 (थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना देणारा कायदा) अन्वये बँकेने लिलावास काढलेल्या डोंबिवलीतील एका सदनिकेसाठी मी प्रथमच बोली लावणार आहे. राखीव किमतीच्या (बँकेने ठरवलेल्या किमान किमतीच्या) 10 टक्के अनामत, बोली मंजूर होताच ती धरून बोलीच्या रकमेच्या 25 टक्के, विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत उर्वरित रक्कम आणि चुकल्यास भरलेले पैसे जप्त, एवढे समजले आहे. अडचण ताब्याची आहे : जाहिरातीत ‘सांकेतिक ताबा’ (म्हणजे बँकेचा ताबा फक्त कागदोपत्री) असे छापले असून, परवा पाहायला गेलो तेव्हा दाराबाहेर चपला होत्या आणि आत कुकरची शिट्टी वाजत होती (बेल वाजवण्याचे धैर्य झाले नाही). अशा वेळी प्रत्यक्ष ताबा कोणी मिळवून द्यायचा असतो, आणि ‘जसे आहे, जेथे आहे’ (म्हणजे मालमत्ता आहे त्या स्थितीत घ्यायची) या अटीमुळे सोसायटीची थकबाकीही खरेदीदाराच्याच गळ्यात पडते का, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.