दुधातलं लेप्टिन आणि बाळाचं वजन: दूध तपासून काही कळेल का?

बालपोषण_०७
मुलगी साडेचार महिन्यांची, फक्त अंगावरच्या दुधावर. जन्मवजन ३ किलो, तीन महिन्यांना ५.७, आता ६.४. म्हणजे आधी दिवसाला ३० ग्रॅम वाढायची, गेल्या ४५ दिवसांत १५-१६. आई जाड आहे. तिच्या दुधात लेप्टिन (चरबीत बनणारं, भूक कमी करणारं हार्मोन) जास्त असणार आणि त्यानेच बाळाची भूक मरते, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलंय. ती दूध तपासून घ्यायचं म्हणतेय. त्या आकड्यावरून काही ठरवता येईल का?

दुग्धरसायन
नाही. आईच्या अंगात चरबी जास्त असली की दुधातलं लेप्टिनही बहुधा जास्त असतं, हे खरं. अशा दुधावर पहिल्या काही महिन्यांत वजन जरा सावकाश वाढतं असं काही अभ्यासांत दिसलंय, काहींत दिसलेलं नाही. शिवाय अ‍ॅडिपोनेक्टिन हे चरबीतलंच दुसरं हार्मोन दुधात लेप्टिनच्या कित्येक पट असतं. इन्सुलिन आणि आयजीएफ-१ (वाढीशी संबंधित हार्मोन) वेगळीच. गटाच्या सरासरीत दिसणारा हा फरक एकट्या बाळाला लावता येत नाही.

आणि आकडा कळतो तो दर मिलीचा. त्याच दुधाचे ९०० मिली पिणाऱ्या बाळाच्या पोटात ४५० मिलीवाल्याच्या दुप्पट लेप्टिन जातं.

नमुनाकक्ष
तपासणीतच घोळ होतात. साईसकट मोजलेलं लेप्टिन आणि सेंट्रिफ्यूजमध्ये (जोरात गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) साय काढून मोजलेलं जुळत नाही. पाजण्याच्या सुरुवातीचं दूध पातळ, शेवटचं दाट. म्हणून पंपाने एक स्तन पूर्ण रिकामा करून, हलक्या हाताने ढवळून मगच नमुना घ्यावा लागतो. वेळही लिहायची, कारण दुधातली काही हार्मोन वेळेनुसार बदलतात: ताणाचं हार्मोन कॉर्टिसोल सकाळी जास्त असतं, झोपेचं मेलाटोनिन रात्री येतं आणि दिवसा जवळपास नसतंच.

वजनकाटा
तीन महिन्यांनंतर वाढ दिवसाला १५-२० ग्रॅमवर येतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मुलींच्या तक्त्यावर ही दोन्ही वजनं मधल्या रेषेच्या किंचित खाली बसतात. जुने तक्ते बऱ्याच अंशी वरच्या दुधावरच्या बाळांचे होते, त्यावर अंगावर पिणारं बाळ उगाच मागे पडल्यासारखं दिसतं.

तरी शंका असेल तर लेप्टिन नको, दूध किती जातंय ते मोजा. ५ ग्रॅम किंवा त्याहून बारीक फरक दाखवणारा काटा घ्या. पाजण्याआधी आणि नंतर बाळाचं वजन त्याच कपड्यांत करा; मध्ये शू झाली तरी लंगोट बदलायचा नाही. चूक इथेच होते, पोटात गेलेलं दूध ओल्या लंगोटाबरोबर हिशेबातून निघून जातं. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. एका पाजण्यावरून निष्कर्ष नको, २४ तासांची बेरीज करा. या वयात सरासरी ७५०-८०० मिली भरते.

आणि हार्मोनच बघायचं तर आईच्या शरीरातलं बघा. गर्भनिरोधक गोळीत इस्ट्रोजेन आहे का? त्याने दूध आटू शकतं. रात्रीचं पाजणं बंद केलंय का? दूध बनवणारं हार्मोन प्रोलॅक्टिन रात्री चढतं, आणि स्तनात दूध साचून राहिलं की पुढचं कमी बनतं.

बालपोषण_०७
विचारलं. गोळी सहा आठवड्यांपूर्वी सुरू झाली, इस्ट्रोजेनची आहे. रात्रीही सात-आठ तास पाजत नाही.

वजनकाटा
मग वाढ मंदावली तीही त्याच सुमारास. गोळी परस्पर बंद करायला लावू नका. डॉक्टरांकडून फक्त प्रोजेस्टिनची (इस्ट्रोजेन नसलेली) गोळी किंवा बिनहार्मोनचा उपाय घेऊ दे. रात्री एकदा तरी पाजावं, दिवसभरात मिळून किमान आठ वेळा. सात दिवसांनी त्याच काट्यावर, उघड्या अंगाने वजन करा.