व्हीपीएन जोडलं जातं, पण घरून ऑफिसचा सर्व्हर उघडत नाही

खतावणी:
नमस्कार मंडळी. सांगलीत एका करसल्लागारांच्या ऑफिसात मी चौदा वर्षं अकाउंट्स बघते. सात माणसं, सात पीसी आणि टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा एक सर्व्हर. संगणकाचं शिक्षण माझं नाही, पण प्रिंटर अडकला तरी हाक मलाच येते, तसं हेही माझ्याकडे आलं.

आमची एक सहकारी बाळंतपणानंतर मिरजेला घरून काम करणार आहे. बाळ चार महिन्यांचं आहे. तिला रोज यायला लावायचं नाही हे मी सरांकडून कबूल करून घेतलंय, तेव्हा हे चालायलाच हवं.

वेगळे पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, घेतला. राउटर मायक्रोटिकचा हेक्स, राउटर-ओएस ७, त्यात वायरगार्ड, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित वाटेने आणणारं व्हीपीएन. फायरवॉलमध्ये त्याचा पोर्ट, यूडीपी ५१८२०, उघडला. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१.०/२४, सर्व्हर १९२.१६८.१.१०. माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप लावला की सर्व्हर दिसतो, फोल्डरही उघडतं. तोच लॅपटॉप तिच्या घरच्या वायफायवर लावला तर हँडशेक होतो, म्हणजे व्हीपीएन जोडलं जातं, पण सर्व्हर उत्तर देतो का बघायला पिंग केलं की '१९२.१६८.१.३४ कडून उत्तर: डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. हे ३४ कोण, तेच कळेना. आमच्याकडे या पत्त्यावर काहीच नाही.

दुसरी अडचण म्हणजे हॉटस्पॉटवरूनसुद्धा टॅलीत कंपनी उघडायला तीन-चार मिनिटं लागतात. वीस तारखेचं जीएसटीचं थ्री-बी रिटर्न तोंडावर आलंय. कुणी वाट दाखवेल का?

दुकानदार_७१:
ताई, एवढा खटाटोप कशाला? राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट ३३८९ सर्व्हरकडे फॉरवर्ड करा आणि रिमोट डेस्कटॉपने सरळ आत जा. आमच्या दुकानात तीन वर्षं असंच चालू आहे.

रात्रपाळी:
दुकानदार भाऊ, कळकळीने सांगतो, आजच्या आज तो पोर्ट बंद करा. बाहेर उघडा असलेला ३३८९ शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात आणि पासवर्ड लावून बघतात. २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची खोट सापडली तेव्हा पासवर्डचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टला जुन्या एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढावा लागला होता. ताईंच्या सर्व्हरवर लोकांचे पॅन आणि बँक खाती आहेत. वायरगार्ड ओळखीची किल्ली नसलेल्या पाकिटाला, म्हणजे डेटाच्या तुकड्याला, उत्तरच देत नाही. बाहेरून बघणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही.

ताई, तुमचं सेटिंग बरोबर आहे. हँडशेक होतोय म्हणजे स्टॅटिक आयपी, फायरवॉल, किल्ल्या सगळं ठीक. तुम्ही पिंगचं उत्तर जसंच्या तसं लिहिलंत म्हणून लगेच कळलं. ते ३४ म्हणजे तिच्या घरी तुमच्याच लॅपटॉपला मिळालेला पत्ता. तिच्या घरचा राउटरही १९२.१६८.१.x वाटतो. बहुतेक घरी हेच किंवा १९२.१६८.०.x असतं. त्यामुळे लॅपटॉपला १० नंबर घरातलाच वाटला, त्याने घरातच हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही. पाकीट टनेलमध्ये, म्हणजे व्हीपीएनच्या वाटेने, गेलंच नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटचे पत्ते वेगळे, म्हणून तिथे चाललं.

आज रात्रीपुरता उपाय: लॅपटॉपवरच्या वायरगार्डमध्ये अलाउड आयपीजमध्ये १९२.१६८.१.०/२४ आहे, त्याच्या जागी १९२.१६८.१.१०/३२ लिहा. टनेलचा स्वतःचा पत्ता तिथे असेल तर तो राहू द्या. नेमका पत्ता (/३२) आणि अख्खी गल्ली (/२४) यांत नेमका पत्ता जिंकतो, मग पाकीट टनेलनेच जाईल.

कायमचा उपाय म्हणजे ऑफिसचं नेटवर्क बदलणं. १०.३७.२०.०/२४ असं घरी सहसा न सापडणारं काहीतरी घ्या. रविवारी करा आणि आधी कागदावर यादी करा: सर्व्हर, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, हजेरीचं मशीन. हाताने पत्ता दिलेली एखादी वस्तू राहून जातेच.

टॅलीचं दुखणं निराळं आहे. घरच्या लॅपटॉपवरचं टॅली सर्व्हरच्या फोल्डरमधून हजारो बारीक तुकडे एकामागून एक मागतं. प्रत्येक फेरीला ४० मिलिसेकंद धरले तर ५००० फेऱ्यांना २०० सेकंद, म्हणजे तुमची तीन-चार मिनिटं. ब्रॉडबँडचा प्लॅन वाढवून हे सुटणार नाही. शिवाय लिहिताना लाइन तुटली तर डेटा बिघडायची भीती. म्हणून टॅली ऑफिसातच चालू द्या. टनेल जोडून तिने रिमोट डेस्कटॉपने स्वतःच्या टेबलावरच्या पीसीवर जावं. लाइनवरून फक्त स्क्रीन जाते. आजच करणार असाल तर त्या पीसीचा पत्ताही /३२ लावून जोडा. पीसीवर विंडोज प्रो हवं, होमवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने जाता येत नाही.

आणि प्रत्येकाला वेगळी किल्ली द्या. आर्टिकलशिपची मुलं येतात-जातात. गेलेल्याचा पीअर, म्हणजे वायरगार्डमधली त्याची नोंद, त्याच दिवशी काढता आला पाहिजे.

खतावणी:
दादा, /३२ केलं आणि पहिल्याच पिंगला उत्तर आलं! तिच्या घरचा राउटर १९२.१६८.१.१ च निघाला. तिचा पीसी विंडोज प्रो आहे, तिथून टॅली ऑफिसात बसल्यासारखं चालतं. एकच शंका: आमच्याकडे वळवाच्या पावसात लाइट जाते. पीसी बंद पडला तर?

रात्रपाळी:
बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग असतं, ते लावा. विंडोजमधलं स्लीप बंद करा. राउटरला छोटा यूपीएस द्या. पीसीवर वेक-ऑन-लॅन चालू ठेवलंत तर मायक्रोटिकमधूनही तो उठवता येतो. टूल्समध्ये डब्ल्यूओएल आहे, त्याला पीसीचा मॅक पत्ता लागतो.

दुकानदार_७१:
३३८९ बंद केला. लॉगमध्ये बघितलं तर अनोळखी पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न, पानंच्या पानं. सर्व्हरचे पासवर्ड बदलले. वायरगार्डसाठी वेगळा धागा काढतो.

खतावणी:
रविवारी आठ ते दोन बसून सगळं १०.३७.२० वर नेलं. मिरजेहून तिने काल चार क्लायंटची थ्री-बी भरली, बाळ झोपलं होतं तेवढ्या वेळात. हजेरीचं मशीन मात्र जुन्याच पत्त्यावर अडकलंय, त्याचा पासवर्ड बसवणाऱ्याकडे आहे. त्याला गुरुवारी बोलावलंय.