घरं आधी की बस आधी?

पाणलोट (धागा सुरू करणारा):
शहराला लागून पाच-दहा हजार घरं, शेजारी कंपन्यांसाठी जागा, शाळा, दवाखाना, तळी असा आराखडा निघाला की त्यावर ‘शाश्वत’ हा शब्द आधी येतो. सौर पॅनेल, पाणी जिरवायची सोय, उन्हाला अडवणाऱ्या भिंती. हे सगळं हवंच. पण माझं म्हणणं, वसाहत शाश्वत होते की नाही हे कामांच्या क्रमावर ठरतं. पहिलं कुटुंब सामान उतरवेल त्या दिवशी बस धावत असली पाहिजे.

मी अशाच एका वसाहतीच्या पहिल्या टप्प्यात राहायला गेलो होतो. थांब्याचं छप्पर, बाकडं, वेळापत्रकाची चौकट, सगळं उभं होतं. चौकटीत कागद नव्हता. बस आली दोन वर्षांनी. तोवर आमच्या मजल्यावरच्या चारही घरांनी गाड्या घेतल्या होत्या, दोघांनी तर दुसरीही. मग बस रिकामी धावू लागली आणि प्रवासी नाहीत म्हणून फेऱ्या कमी झाल्या. घेतलेली गाडी नंतर कोणी विकत नाही. पहिल्या हजार माणसांना जी सवय लागते, तीच पुढच्या वीस हजारांना लागते.

बांधावरची:
क्रम कसाही लावा, जागाच चुकीची असेल तर काय उपयोग? पर्यावरणपूरक म्हणून नेहमी दोन नावं सांगतात. जर्मनीत फ्रायबुर्गमधलं वोबान आणि स्वीडनमध्ये स्टॉकहोममधलं हामरबी. वोबान उभं राहिलं फ्रेंच सैन्याच्या रिकाम्या बराकींच्या जागेवर, हामरबी जुन्या कारखान्यांच्या आणि बंदराच्या जागेवर. दोन्ही ठिकाणी जमीन आधीच वापरून झालेली होती. आपण मात्र पिकती जमीन घेतो आणि उदाहरणं त्यांची देतो.

आणि खालच्या वस्तीचं काय? आमची जुनी गल्ली उतारावर आहे. वरच्या अंगाला शेतं होती तोवर पावसाचं पाणी गुडघ्याच्या खालीच राहायचं. वर रस्ते आणि पार्किंग झालं त्या वर्षी पाणी उंबऱ्यावरून आत आलं. नव्या वसाहतीतलं तळं आराखड्यात होतं, पण तिसऱ्या टप्प्यात. उंबऱ्यावर अजून गाळाची रेघ आहे, घासूनही जात नाही. जुन्या गावांचा राग उगाच नसतो. १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्हनेज हे नवं नगर म्हणून जाहीर झालं, तेव्हा तिथल्या लोकांनी स्टेशनच्या पाटीवर नगरनियोजन मंत्री सिल्किन यांच्या नावावरून, स्टालिनग्राडच्या चालीवर, ‘सिल्किनग्राड’ लिहिलं होतं.

पाणलोट:
तळ्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. खरं तर ते माझ्याच बाजूचं आहे, तळं रस्त्याच्या आधी खणायला हवं होतं. पण शहरातल्या रिकाम्या जागा कुठे तरी संपतात. आराखडा नाकारला म्हणून वाढ थांबत नाही. ती हमरस्त्याच्या कडेने तुकड्यातुकड्याने होते, आणि तिथे तळंही नसतं, बसही नसते. नेदरलँड्समधलं हाउटन हे खेडं होतं, शेतजमिनीवरच वाढलं. आज तिथे पन्नास हजारांच्या आसपास लोक राहतात. मध्यभागी रेल्वे स्टेशन, सायकलचे रस्ते सरळ मध्यापर्यंत, आणि मोटारीला एका भागातून दुसऱ्या भागात जायचं तर बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावरूनच जावं लागतं. गाडीवर बंदी नाही, पण सायकल लवकर पोचते.

दुसरी पाळी:
दोघेही घरांबद्दलच बोलताय. रोजगाराचं कोण बोलणार? नवी मुंबईचं पाहा. ती वसवणारी सरकारी कंपनी, सिडको, स्थापन झाली १९७० मध्ये. सरकारी कचेऱ्या खाडीपलीकडे जातील, तर माणसंही जातील, अशी कल्पना होती. मंत्रालय जागचं हललं नाही. वाशीपर्यंत लोकल पोचली १९९२ मध्ये. म्हणजे पाणलोट यांची दोन वर्षं तिथे वीसच्या वर गेली.

आता आराखड्यात ‘रोजगार क्षेत्र’ लिहिलेलं असतं, तिथे बहुतेक वेळा गोदामं येतात. गोदाम एकरच्या एकर जागा खातं आणि त्या मानाने माणसं थोडी लागतात. जी लागतात ती पाळ्यांमध्ये. मी रात्री साडेअकराला सुटते. शेवटची बस साडेनऊची. आराखड्यात बसचा मार्ग दाखवतात, वेळ कोणी दाखवत नाही. त्या पाळीच्या पगारात त्याच वसाहतीतलं घर परवडतं का, हाही प्रश्न आहे. परवडत नसेल तर कामगार बाहेरून येणार, राहणारे कामाला बाहेर जाणार, आणि रस्ता दोन्ही वेळा भरलेला.

तिसरा मजला:
बस पहिल्या दिवसापासून रिकामी चालवायची तर पैसे लागतात, आणि ते जमिनीतूनच यायला हवेत. शेत म्हणून जी किंमत असते ती बांधकामाची परवानगी मिळताच कितीतरी पट होते. ती वाढ कोणाच्या खिशात जाते, एवढंच बघा. इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ मध्ये उद्यान-नगराची कल्पना मांडली ती मुळात याच हिशेबाची होती, झाडं त्यात नंतर येतात. १९०३ मध्ये तिथलं पहिलं उद्यान-नगर लेचवर्थ सुरू झालं, त्यातली बरीचशी जमीन आजही एकाच संस्थेकडे आहे आणि तिचं उत्पन्न त्याच गावासाठी वापरलं जातं. पुण्याजवळ मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि विकासात वाटेकरी झाले. कार्यालयांची जागाही आराखड्यात होती. माझ्या मते हाच मार्ग योग्य.

बांधावरची:
ज्यांच्या नावावर सातबारा होता ते वाटेकरी झाले. त्याच शेतात मजुरी करणाऱ्याच्या नावावर काय होतं? जमीन गेली की त्याचं काम जातं, आणि त्याला शेअर मिळत नाही. हिस्सेदारीची योजना चांगली आहे, मी नाकारत नाही, पण मजुरांची आणि कुळांची यादी आधी करा. गाव मोजायचं म्हणजे नुसते गट नंबर मोजायचे नाहीत.

पाणलोट:
ही यादी माझ्या मांडणीत नव्हती, असायला हवी होती. मग अट अशी घालू या का? पाचशे घरं भरली की पुढच्या घरांना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जायची परवानगी, नाही, जोवर बस, तळं आणि शाळा सुरू होत नाही.

दुसरी पाळी:
ती अट विकासकाला लागणार नाही, घर घेणाऱ्याला लागेल. पैसे भरून, कर्जाचे हप्ते सुरू होऊन माणूस चावीसाठी थांबलेला असतो, आणि महिनाभरात सगळे मिळून अट शिथिल करा म्हणून मोर्चा काढतील. मीही त्यात असेन. अट विक्रीवर घाला. पाचशेनंतर पुढचं घर विकायलाच परवानगी नको. आणि ‘बस सुरू’ म्हणजे शेवटची पाळी सुटल्यानंतरची बस, हे त्याच कागदावर लिहून घ्या.