स्क्रीनसेव्हर बदलला, आता पासवर्ड दोनदा

वाचनालयवाला
परवा 'जुन्या लॅपटॉपला कुठलं लिनक्स' या धाग्यावर एका सदस्याने ठोकून दिलं: "स्क्रीनसेव्हर हे डबड्या मॉनिटरच्या काळातलं खूळ. डेस्कटॉप कुठलाही टाका, कुलूप आपोआप लागतं. त्यात जुळण्या-न जुळण्यासारखं आहेच काय?" तिथे उत्तर लिहायला बसलो ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

गावच्या वाचनालयातली चार म्हातारी मशीनं माझ्या गळ्यात आहेत. चारींवर लिनक्सचा एक्सएफसीई डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या-मेनूंचा संच. मुलांना मासे आवडतात म्हणून एक्सस्क्रीनसेव्हर हा प्रोग्राम टाकला आणि त्यातलं ॲटलांटिस लावलं, देवमासा आणि शार्क फिरतात ते. दुसऱ्या दिवशी जेवून आलो, माऊस हलवला, पासवर्ड दिला. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा पासवर्डची खिडकी, तीही वेगळ्याच तोंडवळ्याची. पहिली एक्सस्क्रीनसेव्हरची, दुसरी आधीपासून बसलेल्या लाइट-लॉकर या कुलूप लावणाऱ्या प्रोग्रामची. दोघांनाही वाटतंय की पहारा आपलाच. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "तुमच्या लिनक्सचा पहिल्या वेळी विश्वास बसत नाही का?"

एक्सस्क्रीनसेव्हर १९९२ पासून आहे. दोनशेच्या वर नमुने, प्रत्येक म्हणजे एक सुटा प्रोग्राम. खिडकी कुठली ते सांगा, तो तिच्यात चित्र काढतो. हे कुठल्याही डेस्कटॉपवर चाललं असतं. पण ग्नोम डेस्कटॉपवाल्यांनी स्वतःचा ग्नोम-स्क्रीनसेव्हर काढला, त्यात प्रत्येक नमुन्याला वेगळी डेस्कटॉप फाइल हवी, आणि माशांची संख्या कमी-जास्त करायची सोयच गायब. त्याची नक्कल मेट डेस्कटॉपने केली, मेटची एक्सएफसीईने. सिनॅमन डेस्कटॉपचा संसार वेगळा. आता सांगा, खूळ कुणाचं?

प्लाझ्माप्रेमी
परवाचं ते वाक्य माझंच, आणि मी त्यावर ठाम आहे. तुम्हाला कुलूप हवंय की मत्स्यालय? केडीईने २०१४ मध्ये आपला प्लाझ्मा ५ डेस्कटॉप आणताना नाचरे नमुने काढून टाकले आणि फक्त कुलूप ठेवलं. उत्तम केलं. दोन पहारेकरी तुम्ही नेमलेत, दोष डेस्कटॉपला कसा?

आणि एक्स११ वर, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेवर, तुमचं ते १९९२ चं कुलूप किती पक्कं? डेस्कटॉपवर उजवी टिचकी मारा, मेनू उघडा ठेवा आणि चहाला जा. मेनूने कीबोर्ड-माऊस धरून ठेवलेला असतो, स्क्रीनसेव्हरला ते मिळत नाहीत, कुलूप लागतच नाही.

मिंटवाले काका
प्लाझ्माप्रेमी, बरोबर बोललात, पण अर्धंच. नवीन कुलपांचं कौतुक करताना जानेवारी २०२१ विसरू नका. मी सिनॅमनवालं लिनक्स मिंटच वापरतो, म्हणून जास्त झोंबलं. एका वापरकर्त्याच्या पोरांनी लॉक स्क्रीनवर खरा कीबोर्ड आणि पडद्यावरचा कीबोर्ड दोन्ही बडवले, आणि सिनॅमनचा स्क्रीनसेव्हर कोसळून डेस्कटॉप उघडा! कारण काय, तर पडद्यावरच्या कीबोर्डातलं डोक्यावर आडवी रेघ असलेलं 'ई'. एक्सस्क्रीनसेव्हरचे कर्ते जेमी झविन्स्की वर्षानुवर्षं ओरडत होते की कुलपाच्या प्रोग्रामात बटणं, थीम, सजावट कोंबू नका, कारण एक्स११ वर तो मेला की दार सताड उघडं. ऐकलं कुणी?

प्लाझ्माप्रेमी
काका, तो सिनॅमनचा घोळ. आमच्याकडे लॉकर कोसळला तर काळ्या पडद्यावर सूचना येते: दुसऱ्या टर्मिनलवर जा, लॉगिन करा आणि लॉगिन-सीटीएलची आज्ञा देऊन सत्र उघडा. दार बंदच राहतं.

टर्मिनलवाली
वा! म्हणजे माझ्या आईने कंट्रोल-आल्ट-एफ२ दाबून आज्ञा टाइप करायची. तिला अजून कॅप्स लॉक दिसत नाही.

मला वेगळंच सांगायचंय. आई रोज संध्याकाळी कीर्तन लावते. बरोबर दहा मिनिटांनी पडदा काळा. ब्राउझर डी-बसवर, म्हणजे प्रोग्रामांच्या आपसातल्या निरोप-यंत्रणेवर, 'व्हिडिओ चालू आहे, झोपू नका' असं सांगतो, पण ऐकणारं कुणी असेल तर ना! मी ओपनबॉक्स या साध्या खिडकी-व्यवस्थापकावर एक्सस्क्रीनसेव्हरची जुनी आवृत्ती ठेवली होती, तिला डी-बस कळतच नव्हतं. एमप्लेअर या व्हिडिओ प्लेअरला तर यासाठी खास पर्याय होता, दर तीस सेकंदांनी स्क्रीनसेव्हरला ढोसणारी आज्ञा. तीस सेकंदांनी ढोसायचं! आमच्याकडे हे काम आई करायची, माऊस हलवून, एका हातात भाजीची सुरी.

कळफलक_कट्टर
सगळे पासवर्ड-पासवर्ड करताय, पण मराठी माणसाची खरी अडचण कुणी बोलत नाही. मी दिवसभर इन्स्क्रिप्ट कळफलकावर मराठी लिहितो. लिहिता लिहिता उठलो, कुलूप लागलं. परत येऊन पासवर्ड टाकतो, तर 'जे' दाबल्यावर 'र' जातोय आणि 'के'ला 'क'. पडद्यावर नुसते ठिपके. तीनदा चुकलो, चौथ्यांदा आल्ट-शिफ्ट आठवलं. ग्नोममध्ये निदान कोपऱ्यात भाषा दिसते. लाइट-लॉकरच्या खिडकीत मला ती कधी दिसली नाही.

टर्मिनलवाली
मग फोनेटिक वापरा ना. इन्स्क्रिप्ट कोण वापरतं हल्ली?

कळफलक_कट्टर
'कोण वापरतं' म्हणजे? १९८६ पासून सरकारी प्रमाण आहे ते. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आठ दिवसांत बोटांत बसतं. तुम्ही फोनेटिकवाले 'दुसर्या', 'तर्हा' लिहून मराठीचं मातेरं करता. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे दाबलं की 'ऱ' हजर.

टर्मिनलवाली
मी 'दुसऱ्या' फोनेटिकमध्येच लिहिलंय, डोळे असतील तर बघा. सरकारी प्रमाण म्हणे. सरकारी प्रमाणानेच पासवर्ड टाकत बसा मग, तीन-तीन वेळा.

मिंटवाले काका
अहो, भांडू नका. मी तर अजून टाइपरायटरचा कळफलक वापरतो.

कळफलक_कट्टर
काका, तुम्ही गप्प बसा. तुमच्यामुळेच ऑफिसात जुन्या फॉन्टमधल्या फायली येतात, ज्या उघडल्या की नुसती चिखलफेक दिसते.

मिंटवाले काका
मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, फायली माझ्या नाहीत. स्वर जरा खाली आणा.

वाचनालयवाला
मंडळी, धागा स्क्रीनसेव्हरचा आहे. ऱ चा वेगळा काढा, मी स्वतः येऊन तिथे भांडेन. (इन्स्क्रिप्टच्या बाजूने.)

प्लाझ्माप्रेमी, मेनूचं तुमचं खरं निघालं. काल वाचनालयात करून पाहिलं. मेनू उघडा ठेवला, पाऊण तास मशीन तसंच उघडं. झालं समाधान? पण दोन पहारेकरी 'मी नेमले' हे मान्य नाही. लाइट-लॉकर डिस्ट्रोने (लिनक्सच्या तयार संचाने) परस्पर बसवला होता. नवं पॅकेज टाकताना 'अहो, इथे आधीच एक जण उभा आहे' एवढं सांगायला काय जातं?

प्लाझ्माप्रेमी
झालं समाधान. 'सांगायला काय जातं' हेही मान्य, फुकटात घ्या.

मात्र या सगळ्यावर इलाज वेलँड आहे, एक्स११ ची जागा घेणारी नवी यंत्रणा. तिथे मेनू उघडा असला तरी कुलूप लागतं. सत्र-कुलपाचा प्रोटोकॉल (ठरलेली पद्धत) पाळणाऱ्या स्वेसारख्या खिडकी-व्यवस्थापकांवर तर लॉकर मेला तरी पडदा बंदच राहतो.

वाचनालयवाला
आणि तो प्रोटोकॉल ग्नोम आणि केडीई बाहेरच्या लॉकरला वापरू देतात का?

प्लाझ्माप्रेमी
नाही. त्यांचं कुलूप त्यांच्या आतच असतं.

टर्मिनलवाली
म्हणजे पुन्हा ज्याचं त्याचं. फिरून भोपळे चौकात.

प्लाझ्माप्रेमी
पण पक्कं! उबुंटू २५.१० मध्ये ग्नोमचं एक्स११ सत्र गेलंसुद्धा. तुम्ही कुणीकडे जाणार?

वाचनालयवाला
तूर्तास कुठेच नाही. काल लाइट-लॉकर काढून टाकला, आता पासवर्ड एकदाच विचारतो. मेनूसाठी ग्रंथपाल बाईंनीच उपाय काढला. मॉनिटरला चिठ्ठी डकवली आहे: 'उठताना एस्केप दाबा.' मुलं न चुकता दाबतात, कारण त्याशिवाय मासे येत नाहीत असं बाईंनी सांगितलंय.

तिसरीतला एक जण देवमाशाच्या वेळेची वही घालतो. वेलँडवर गेलो तर त्याला काय सांगू, ते तेवढं कळवा.