मध्ययुगीन पांढरीवर उत्खननाला जायचंय, काय नेऊ?

लातूरची_लेक: नमस्कार मंडळी. धाराशिव जिल्ह्यात तेरच्या बाजूला एका गावाच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, खोदकाम चालू आहे. यादव-बहमनी काळातली वस्ती म्हणतात. गावकऱ्यांसोबत बाहेरच्या हौशी लोकांनाही घेतायत. मी शाळेत मराठी शिकवते, इतिहासाशी संबंध दहावीला सुटला. डिसेंबरअखेर दहा दिवस जायचा विचार आहे, मुक्काम शाळेच्या खोल्यांत. काय न्यावं? दिवस कसा जातो? आणि नवख्या माणसाचा तिथं काही उपयोग होतो का? आमचे मिस्टर विचारतायत, "माती उपसायला रजा घालवणार?"

खापरवेडी: ताई, बिनधास्त जा. मी दोन हंगाम केलेत. मिस्टरांना सांगा, टिकाव तुमच्या हातात कुणी देणारच नाही. ते काम गावातले लोक करतात आणि आपल्यापेक्षा दसपट हलक्या हातानं करतात. तुमच्या वाट्याला येतील खापरं. पोत्यानं.

सातला खड्ड्यावर हजर. थंडी मरणाची असते, स्वेटर आणि कानटोपी न्याच. दहानंतर तेच ओझं होतं. थरांचे रंग उठून दिसावेत म्हणून खड्ड्याच्या भिंतीवर पाणी शिंपडतात, फोटो कोवळ्या उन्हातच. दुपारी भाकरी-पिठलं झालं की खापरं धुवायची: मऊ ब्रश, दोन बादल्या आणि कंबरदुखी. बसायला छोटा पाट न्या, दुवा द्याल. लोखंड आणि कोळसा चुकूनही पाण्यात घालू नका.

खरा जीव लेबलात असतो. खड्डा, थर, खोली, तारीख. आमच्याकडं एकदा वाळत घातलेल्या दोन ढिगांची लेबलं वाऱ्यानं उडाली. कुठला ढीग कुठल्या थराचा, कुणालाच सांगता येईना. आठवड्याची मेहनत बाजूला टाकली. तेव्हापासून मी प्रत्येक लेबलावर दगड ठेवते, लोक हसतात.

उपयोगाचं म्हणाल तर एक सांगते. आमच्या खड्ड्यात एक मावशी खुरपं चालवता चालवता थांबल्या. "बाई, हितं सारवलंय." मला नुसती माती दिसत होती. त्यांनी नखानं पापुद्रा उचलला. शेणमातीचे कागदाइतके पातळ थर, एकावर एक. घराची जमीन होती ती! दोन हात पलीकडं त्याच जमिनीत गोल भाग लागला, आतली माती भुसभुशीत. मावशी म्हणाल्या, पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. निघालंही पेवच. तर अशा माणसाशेजारी बसा आणि ती काय बोलते ते वहीत उतरवा. मराठीच्या बाईंना हे काम उत्तम जमेल.

माळवदकर: वरचं सगळं बरोबर. एक भर. आमच्याकडं पांढरीची माती माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, टाकायला नेतात, पावसात गळत नाही म्हणून. पिढ्यान् पिढ्या नेली. मध्ययुगीन थर सगळ्यात वर, म्हणून तेच आधी गेले. खाली सातवाहनांचं शाबूत आणि वरचे यादव-बहमनी लोकांच्या छपरावर, अशी गत हाय. म्हणून जे उरलंय ते नीट खणायलेत तर मदत कराच.

पण आधी विचारा, परवाना कुणाच्या नावावर आहे. परवान्याशिवायचं खोदकाम असंल तर लांब ऱ्हावा. आणि गावात गुप्तधनाची चर्चा सुरू होतीच. काय सापडलं, कुठं ठेवलं, हे पारावर बोलू नका. १८७८ च्या कायद्यानं जमिनीत दहा रुपयांच्या वर किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, एवढं सांगितलं की निम्मे गप्प बसतात.

जुना_विद्यार्थी: हिरवं पडलेलं तांब्याचं नाणं घासू नका. मी चिंचेनं घासलं होतं. लखलखीत झालं, अक्षरं गेली. सरांनी चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

खापरवेडी: 🙂 आणि काचेच्या बांगड्यांचे तुकडे मातीत सहज सुटतात, चाळणीवर डोळा ठेवा. ताई, तेर जवळच आहे तर एक दिवस काढा. विटांचं त्रिविक्रम मंदिर आणि रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय बघा. शिवाय गोरोबाकाकांचं गाव! खापर धुतलं की टिचकी मारून ऐका. पक्कं भाजलेलं खणखणतं, कच्चं बद्द वाजतं. नामदेवांच्या डोक्यावर थापटणं का मारलं ते वर्गात सांगायला सोपं जाईल.

लातूरची_लेक: हे सुचलंच नव्हतं! तारखा बघितल्या, मधेच येळवस (वेळ अमावस्या) येतेय. त्या दिवशी काम चालतं का हो?

माळवदकर: येळवशीला? सगळं गाव शेतात असतंय. खड्ड्यावर ताडपत्री टाकून साहेबसुद्धा भज्जी-आंबिलीला येतात. तुम्हाला चार घरची बोलावणी येतील, सकाळी काही खाऊ नका.

लातूरची_लेक: मिस्टरांना वाचून दाखवलं. म्हणतायत, त्या दिवशी मी पण येतो.