दिवेआगरची एकच फ्रेम, वेगळं आभाळ: कधी जावं, कसं टिपावं?

सुरूबन_कोथरूड

दिवेआगरच्या किनाऱ्यावर एकाच जागी ट्रायपॉड लावून मालिका चालू आहे. फुल फ्रेम, ३५ मिमी, क्षितिज खालून एक तृतीयांशावर. जागा तीच ठेवून फक्त हवामान बदलतं दाखवायचं, बारा प्रिंट करायच्या. साध्या दिवसांचे फोटो भरपूर झालेत. हवेत ते क्वचित दिसणारे दिवस: समुद्रावर पसरलेला गडगडाटी ढग, समुद्रातलं इंद्रधनुष्य, वीज, धुकं.

अडचण अशी, की पुण्यात 'मेघगर्जनेसह पाऊस' असा अंदाज वाचून निघावं, ताम्हिणी घाट उतरून पाच तासांनी पोचावं, तर समोर सपाट राखाडी आभाळ. निघायचा निर्णय नेमका कशावरून घ्यायचा? शिवाय विजेची रेघ दर वेळी पांढरीफटक जळते. आणि राखाडी आभाळाच्या प्रिंटमध्ये पट्टे पडतात.

ऐरण

'मेघगर्जना' एवढ्या शब्दावर निघू नका. जुलै-ऑगस्टचा ढग हा थर असतो, त्याला कड नसते. कड नाही तिथे फोटो नाही. तुम्हाला हवेत ते ढग मेअखेर ते मोसमी पाऊस स्थिरावेपर्यंत, आणि पुन्हा परतीच्या पावसात, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर.

परतीच्या दिवसांत ढग दुपारी सह्याद्रीवर वाढतात. वरचा वारा पूर्वेचा असेल तर त्यांचा माथा, ऐरणीसारखा चपटा, संध्याकाळी किनारा ओलांडून समुद्रावर येतो. ढगाचं बूड तुमच्या पाठीमागे आणि त्याचं छप्पर तुमच्या फ्रेममध्ये. पश्चिमेला समुद्रातून ढग उठण्याची वाट बघत बसलात तर चुकाल.

खरा प्रकाश सूर्यास्तानंतर. ऐरणीची खालची बाजू १२ किमी उंचीवर असेल तर तिला तुमच्या सूर्यास्तानंतर साधारण १५ मिनिटं ऊन लागतं, आणि तेही खालून. त्या उजेडात ढगाच्या पोटाला लोंबणाऱ्या पिशव्या एकेक वेगळ्या दिसतात. बहुतेक जण सूर्य बुडाला की बॅग भरतात, तिथेच फोटो हुकतो.

आता सपाट राखाडीचं कारण. १२ किमी उंचीवर खालून पोचणारं ते ऊन किनाऱ्यापासून सुमारे ३९० किमी पश्चिमेला समुद्राला घासून आलेलं असतं. वाटेत ढगांची भिंत असली तर रंग लागतच नाही, डोक्यावरचं आभाळ कितीही सुंदर असो. म्हणून इन्सॅट उपग्रहाचं चित्र उघडून आधी अरबी समुद्र बघायचा: किनाऱ्यापासून ४०० किमीपर्यंतचा पट्टा मोकळा, आणि दुपारी एक-दोनला घाटमाथ्यावर पांढरे ठिपके फुगायला लागलेले. पण ते ठिपके दिसल्यावर कोथरूडहून निघालात तर अंधारात पोचाल. आभाळ आदल्या दिवशी असंच वागलं असेल तर सकाळीच निघा. ही हवा बहुधा दोन-चार दिवस सलग टिकते.

पाऊणपट

वरच्यात भरती-ओहोटी धरा. जुना हिशोब: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला सहा, म्हणजे सूर्यास्ताला पाणी पायाशी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, म्हणून संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण ओहोटी, आणि उधाण असल्यामुळे पाणी लांबवर गेलेलं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, शेवटी भरतीचं कोष्टक बघायचंच.

दिवेआगरची वाळू सपाट आहे. ओहोटीत लाट परतताना वाळूवर पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो आणि तीन-चार सेकंद आरसा होतो. कॅमेरा ३०-४० सेंमीवर आणा, लाट मागे फिरली की शटर, अर्धा ते एक सेकंद. याहून लांब ठेवलंत तर आरसा आटून मॅट होतो. ऑक्टोबरात लवकर येणारी कोजागिरी या मालिकेसाठी सोन्यासारखी: परतीचे ढगही आणि सूर्यास्ताला ओहोटीही.

ट्रायपॉडचा सर्वांत खालचा भाग पूर्ण उघडा, म्हणजे पायांच्या सांध्यांची कुलुपं पाण्याच्या वर राहतात. पाय वाळूत १०-१५ सेंमी दाबून बसवा. तरीही दोन-तीन लाटांनंतर एक पाय खचतोच आणि क्षितिज कलतं. लेव्हल पुन्हा पुन्हा बघा, एकाच फ्रेमच्या मालिकेत अर्धा अंश कललेलंही खुपतं.

ओलीवाळू

विजेबद्दल. रेघ जळते ती अ‍ॅपर्चरमुळे, वेळेमुळे नाही. वीज क्षणार्धात संपते, शटर १० सेकंद उघडं असो की ३०, रेघेची उजळी तेवढीच. शटरवर फक्त आभाळाचा उजेड आणि किती विजा सापडतील हे ठरतं. आयएसओ १०० वर १० किमीच्या आतल्या विजेला एफ ११, मध्यमला एफ ८, लांब क्षितिजावरच्या विजेला एफ ५.६. संधिप्रकाशात १५-२० सेकंद मिळत नसतील तर शटर कमी ठेवून एकामागून एक फोटो घेत राहा; एनडी (उजेड कमी करणारी काळी काच) लावलीत तर रेघही तेवढीच मंद होते. फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास पक्का. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर २० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी २० सेकंद अडून राहतो आणि वीज नेमकी तेव्हाच पडते.

हे सगळं वाळूवर उभं राहून करायचं नाही. सपाट किनाऱ्यावर सगळ्यांत उंच वस्तू तुम्ही आणि तुमचा ट्रायपॉड. चमक आणि गडगडाट यांच्यातले सेकंद भागिले तीन म्हणजे किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला की पक्क्या घरात किंवा काचा बंद करून गाडीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप फोनवर ठेवा, जवळपास कुठे विजा पडतायत ते दिसतं. तुमची ठरलेली फ्रेम यासाठी मोडावी लागली तर मोडा. वीज खोलीच्या खिडकीतून घ्या आणि मालिकेत ती एकच वेगळी राहू द्या.

चक्रीवादळाच्या इशाऱ्यात तर निघूच नका. ३ जून २०२० ला 'निसर्ग' याच श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यावर आदळलं, ताशी १००-११० किमी वाऱ्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. फोटो घ्यायचा तो वादळ सरल्यावर, रस्ते मोकळे झाल्यावर. लाटा पुढे एक-दोन दिवस मोठ्या राहतात आणि धुतलेल्या हवेत क्षितिज सुरीसारखं दिसतं.

ऐरण

इंद्रधनुष्य राहिलं. ते सूर्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणून आपल्या किनाऱ्यावर संध्याकाळी जमिनीकडे आणि सकाळी समुद्रावर. जून-जुलैत पाठीमागून ऊन आणि समोर सर असेल तर सूर्य पाठच्या टेकडीवर आल्यापासून साडेआठपर्यंत बघा. सूर्य ४२ अंशांच्या वर गेला की कमान क्षितिजाखाली. त्यामुळे मुक्काम हवाच, पहाटे पुण्याहून निघून हे साधत नाही. अख्खी कमान ८४ अंश रुंद, तिला १८ मिमी लेन्स लागेल. माझं मत, लेन्स बदलू नका. ३५ मिमीत कमानीचा एकच पाय पाण्यात उतरलेला बसतो आणि तोच या मालिकेत शोभेल. पोलरायझर (लेन्सवर फिरवायचा, चकाकी कापणारा फिल्टर) फिरवताना डोळा फोटोवर ठेवा: एका कोनात रंग गडद, त्यापुढे पाव फेरीत इंद्रधनुष्य चक्क गायब.

धुकं मात्र उघड्या समुद्रावर शोधू नका. डिसेंबर-जानेवारीत निरभ्र, वारा पडलेल्या रात्रीनंतर ते खाडीत साचतं. एक्स्पोजर +२/३ ते +१, नाहीतर धुकं चिखलासारखं येतं.

सुरूबन_कोथरूड

अरबी समुद्राचं मोकळं आभाळ बघायचं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून आभार. प्रिंटबद्दल कोणी सांगेल का? २४ मेगापिक्सेल आहे, २० इंची करायच्यात. आणि एसी गाडीतून उतरल्यावर लेन्स धुकटते, त्याचं काय?

कापूसकागद

६००० × ४००० पिक्सेल म्हणजे ३०० पीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल) २० × १३.३ इंच, मापात आहात.

पट्टे पडतात ते ८ बिटच्या जेपेगवर कॉन्ट्रास्ट ताणल्यामुळे. राखाडीच्या मोजक्याच पायऱ्या असतात, त्या ओढल्या की फटी दिसतात. रॉपासून (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलपासून) शेवटपर्यंत १६ बिट ठेवा, जेपेग लॅबला देतानाही नको, टिफ द्या. अंतिम मापाला आणल्यावर अगदी बारीक ग्रेन घाला, उरलेला पट्टा त्यात विरतो. क्षितिजावर शार्पनिंग मारू नका, पांढरी किनार उमटते आणि ती २० इंचांवर लपत नाही.

प्रिंट काळपट येत असेल तर आधी मॉनिटर बघा. प्रिंटसाठी त्याची उजळी चौरस मीटरला ८०-१०० कॅंडेला हवी, नवा मॉनिटर त्याहून खूप भगभगीत असतो. कागद: धुकं आणि पावसाला ३०० जीएसएमच्या आसपासचा मॅट कॉटन, विजेला बरायटा (किंचित चमक असलेला फोटोकागद), कारण मॅटवर काळा तेवढा खोल जात नाही. पूर्ण प्रिंट काढण्याआधी क्षितिजाचा चार इंची तुकडा छापून तो दालनाच्या दिव्याखाली धरा.

पुण्याच्या पावसाळ्यात कॉटन कागद फुगतो. चारही बाजूंनी चिकटवलात तर लाटा पडतील. फक्त वरून कागदी पट्टीच्या दोन बिजागऱ्या, आणि काचेपासून माउंटबोर्डाच्या (प्रिंटभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या) जाडीइतकं अंतर.

लेन्ससाठी: गाडीत एसी असेपर्यंत बॅगेची चेन बंद, पोचल्यावरही अर्धा-पाऊण तास तशीच. शेवटचा तास एसीशिवाय गेलात तर तेवढंही थांबावं लागत नाही. काचेवर खारं पाणी उडालं तर कोरडं पुसू नका, मिठाचे कण कोटिंगवर ओरखडे काढतात. डिस्टिल्ड पाण्याने ओला केलेला कपडा आधी टेकवा, मग दुसरा कोरडा. ट्रायपॉडचे सांधे त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवा.